सत्तावीस पॉइंट सहा

आमच्या कॉलेजात त्या माणसाला सगळे 'सावधान' म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर 'सर'. त्यांनी वर्गात पाऊल टाकलं की साठ पोरं आपोआप ताठ उभी राहत, आणि 'बसा' म्हणेपर्यंत एकही बाक कुरकुरत नसे. वीस वर्षं सैन्यात गाड्या, इंजिनं आणि ती बिघडवणारी माणसं दुरुस्त करून हे गृहस्थ त्रेचाळिसाव्या वर्षी आमच्या मेकॅनिकल विभागात व्याख्याते म्हणून रुजू झाले. तिकडे मेजर होते. इकडे सगळ्यात कनिष्ठ. विभागप्रमुख त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे पहिल्या दिवशी सावधानांनी खाडकन टाच जुळवून "गुड मॉर्निंग, सर" म्हटलं तेव्हा प्रमुखांच्या हातातला चहा बशीत सांडला.

मी प्रयोगशाळा सहायक. इंजिनांच्या प्रयोगशाळेची किल्ली तेव्हाही माझ्याकडे होती आणि आजही आहे. व्याख्याते येतात, जातात, बढत्या घेतात, किल्लीवाला जागेवर असतो. त्यामुळे मी कुणाला फारसा भीत नसे. या एका माणसामुळे मात्र माझी नोकरी जायची वेळ आली. खरं तर माझ्याचमुळे आली, पण हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि आत्ताही मी ते खुशीनं करत नाहीये.

सावधान डाव्या पायानं लंगडत. त्या लंगडण्यावर पोरांनी पाचसहा युद्धं रचली होती. कुणी म्हणे गोळी मांडीत शिरलीय ती अजून आतच आहे, कुणी म्हणे जखमी जवानाला पाठीवर घेऊन नऊ किलोमीटर चालले. एकानं तर सुरुंगावर पाय पडल्याचं इतकं रंगवून सांगितलं की मी आपला तासभर उगाच हळहळलो. सर स्वतः काही बोलत नसत. तास संपला की खडू डबीत, डस्टर खणात, खुर्ची टेबलाला काटकोनात, आणि लंगडत बाहेर.

वेळेचं वेड तर विचारू नका. दहाला दार बंद म्हणजे दहाला बंद. एकदा खुद्द विभागप्रमुख नवे पाहुणे घेऊन वर्ग दाखवायला आले, दहा वाजून दोन मिनिटांनी. आतून आवाज आला, "उद्या या." पाहुण्यांना वाटलं कॉलेजात भलतीच शिस्त आहे. प्रमुखांना काय वाटलं ते त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

असा हा माणूस. आणि या माणसानं आल्या आल्या नवव्या दिवशी काय करावं? साठ जर्नलांवर न वाचता सह्या ठोकाव्यात.

जर्नल म्हणजे प्रयोगवही. सत्राअखेरीस प्रत्येक पोरानं प्रयोग करून वाचनं लिहायची, उत्तर काढायचं, आणि शिक्षकानं सही करायची. सही नाही तर परीक्षा नाही. सर रुजू झाले तेव्हा सत्र संपत आलं होतं. प्रमुखांनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हणाले, "जेवणाच्या आत आटपा." घड्याळात एकला दहा कमी होते. मी शेजारी उभा राहून पानं उलटत होतो. सरांनी प्रयोग क्रमांक चार उघडला, एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची कार्यक्षमता. उत्तर २७.६ टक्के. दुसरी वही, २७.६. तिसरी, २७.६. विसाव्या वहीपर्यंत २७.६.

मी म्हटलं, संपलं आता. पण सरांचा चेहरा फुलत चालला होता! सगळ्यांचं सारखं म्हणजे शिस्त, हे वीस वर्षं कवायतीत मुरलेलं. साठच्या साठ बूट एका रेषेत पाहून डोळे निवावेत तशी ती वह्यांकडे बघण्याची त्यांची नजर. पटापट सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन म्हणाले, "अशी एकवाक्यता मी फार कमी तुकड्यांत पाहिली. शाबास." पोरांची पाचावर धारण बसली. त्यांना आजवर कुणी नकलेबद्दल रागावलं नव्हतं, पण शाबासकीही कुणी दिली नव्हती.

आता ती एकवाक्यता कुठून येत होती ते सांगतो. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, चिंध्यांच्या आड, निळ्या पुठ्ठ्याचं एक जुनं जर्नल होतं. त्याला सगळे 'मावशी' म्हणत. दर वर्षी सत्राअखेरीस पोरं हळूच येऊन विचारत, "काका, मावशी मोकळी आहे का?" आणि मी ती एका रात्रीच्या बोलीवर द्यायचो. मावशी मला माझ्या आधीच्या सहायकाकडून मिळाली, त्याला त्याच्या आधीच्याकडून. प्रयोग करायची कुणाला गरजच पडत नसे.

आणि करायचा म्हटला तरी कशावर करणार? ते इंजिन अकरा वर्षं बंद होतं.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सर प्रयोगशाळेत आले. मागे पोरांची रांग. म्हणाले, "इंजिन सुरू करा."

मी म्हटलं, "सर, डिझेल संपलंय."

त्यांनी पिशवीतून कॅन काढला.

"पाण्याची लाइन बंद आहे, सर. इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं."

त्यांनी बाहेरच्या नळाला पाइप लावला. स्वतः.

"मग... आज वीज नाही."

"हे हँडलनं सुरू होतं," ते म्हणाले आणि हँडल लावून जोर केला. इंजिन हललं नाही. दोन्ही हातांनी जोर केला. पाया बोल्टांनी जमिनीला धरून होता म्हणून, नाहीतर इंजिनासकट फिरले असते. मग त्यांनी वाकून धूर जाण्याच्या पाइपात बोटं घातली आणि एक चिमणीचं घरटं बाहेर काढलं. तेही ओसाड पडलेलं, वाळून कोळ झालेलं.

"हे कधीपासून बंद आहे?"

"कालपर्यंत तर चालत होतं, सर."

सरांनी घरट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे पोरं खुसखुसायला लागली. सरांनी वळून पाहिलं आणि खुसखूस जागच्या जागी मेली. घरटं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, नीट मध्यभागी, आणि निघून गेले.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दर महिन्याला प्रयोगशाळेच्या नोंदवहीत 'यंत्र चालू स्थितीत' असं लिहून सही करायचं काम माझं. अकरा वर्षांत अशा सव्वाशेवर सह्या झाल्या होत्या. घरी बायको, दोन पोरं, अंथरुणाला खिळलेले वडील. नोकरी गेली तर पुढे काय, याचा विचार मी करतच नसे, कारण तो करायची वेळ येईल असं कधी वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर आले ते जुना शर्ट घालून. म्हणाले, "प्रमुखांना सांगितलंय, इंजिन बंद आहे, दुरुस्त करतोय. किती वर्षं बंद आहे ते त्यांनी विचारलं नाही. पाने कुठे आहेत?"

पाने कुठे आहेत! अहो, अर्धे पाने मलाच माहीत नव्हते कुठे आहेत. दोन गच्चीवरच्या टाकीखाली सापडले, एक वसतिगृहाच्या खिडकीला टेकू म्हणून, आणि चौदा नंबरचा उपाहारगृहात बाटल्यांची झाकणं उघडायच्या कामावर. ते सगळं गोळा केल्यावर सरांनी एक फळा आणला, त्यावर प्रत्येक हत्यार धरून पांढऱ्या रंगानं त्याची कड रंगवली आणि खिळे ठोकले. हत्यार नसलं की त्याचा रिकामा आकार लांबूनही दिसे. "फळा भरल्याशिवाय दाराला कुलूप नाही," म्हणाले. मला वाटलं, आठवडाभराचं खूळ आहे, उतरेल.

उतरलं नाही. चार महिने आम्ही दोघं त्या धुडापुढे बसलो. सिलिंडरात डिझेल ओतून मुरू दिलं, लाकडी ठोकळा ठेवून दट्ट्या ठोकून ठोकून सोडवला, व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासले. तास संपले की सर यायचे, बाह्या वर करायचे. मी आधी कुरकुर केली, मग शिव्या घातल्या (मनातल्या मनात), आणि मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या आधी येऊन बसतोय. हे मला अजिबात आवडलं नाही.

दट्ट्या बाहेर आला त्या दिवशी सरांनी तो उजेडात फिरवून पाहिला. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते.

"पाणी न सोडता चालवलंय हे. कोणी?"

"माहीत नाही, सर. माझ्या आधीचं असेल."

ते दट्ट्या पुसत राहिले. तीन दिवस मी तो दट्ट्या टाळून चालत होतो. चौथ्या दिवशी, ते रिंगा बसवत असताना, माझ्याच तोंडून निघालं, "मीच. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच वर्षी. पाण्याचा कॉक उघडायला विसरलो. कडकड आवाज आला आणि बंद पडलं. कायम व्हायचा होतो, सर. घाबरलो. म्हटलं, कुणी विचारलं की सांगू. पण मावशी होती ना. कुणी विचारलंच नाही."

"मावशी कोण?"

मग मावशीही बाहेर काढावी लागली. सरांनी तिची पानं हळूहळू उलटली. मग इंजिनाबरोबर आलेलं कंपनीचं जुनं माहितीपत्रक त्यांनी फायलीतून शोधून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यात ठळक अक्षरात छापलं होतं, कार्यक्षमता २७.६ टक्के. म्हणजे मावशीनंसुद्धा इंजिन चालताना पाहिलं नव्हतं! इंजिन धडधाकट होतं तेव्हाही कुणीतरी पत्रकातला आकडा धरून उलटी गणितं मांडली होती. आमचे विभागप्रमुख याच कॉलेजचे सुवर्णपदकवाले विद्यार्थी, इंजिन बंद पडायच्या आधीचे. सरांनी सहज म्हणून त्यांना विचारलं तर ते अभिमानानं म्हणाले, "माझं उत्तर अगदी अचूक होतं. सत्तावीस पॉइंट सहा."

मी जाम हसलो. सर हसले नाहीत. स्टुलावर बसले, डावा पाय लांब केला आणि म्हणाले, "हा पाय कसा गेला माहितीये?"

"सुरुंग," मी म्हटलं.

"बटाटे."

मला वाटलं चेष्टा आहे. त्यांना चेष्टा येत नसे.

"बटाट्यांचा ट्रक. ब्रेक तपासून 'ठीक' असं लिहायचं काम माझं. जेवणाची वेळ झाली होती. एकला दहा कमी. तपासलं नाही, सही केली आणि निघालो. ट्रक उतारावर उभा होता. मी त्याच्या मागून चाललो होतो." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी आज तुरुंगात असतो. मी स्वतःच होतो म्हणून हॉस्पिटलात गेलो. तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा न बघता सही नाही. आणि इथे आल्यावर नवव्या दिवशी, साठ. तेही एकला दहा कमी असताना."

 ज्या पायावर अख्ख्या कॉलेजनं लढाया लढवल्या तो बटाट्यांनी मोडला होता, याचं हसूही येत होतं आणि हसवतही नव्हतं.

"तुमच्याबद्दल मी आपणहून कुणाला सांगणार नाही," सर उठत म्हणाले. "पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. कोणी विचारेपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. तुम्ही स्वतः सांगितलंत तर बरं."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, या कॉलेजात अकरा वर्षांत कुणी काही विचारलं नाही, आता कोण विचारतंय!

इंजिन सुरू झालं तेव्हा पहिला धूर सगळा प्रमुखांच्या खोलीत गेला. तो वाराच तसा होता, आम्ही मुद्दाम काही केलं नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या वर्षीच्या तुकडीनं पहिल्यांदा खराखुरा प्रयोग केला: चाकावर दोरी घालून वजनं टांगायची, घड्याळ लावून किती डिझेल किती वेळात जळतं ते मोजायचं, मग गणित. उत्तर आलं १९.३. दुसऱ्या गटाचं १८.९. तिसऱ्याचं १९.८. पोरं रडकुंडीला आली. "सर, चुकतंय. २७.६ येत नाहीये." सर म्हणाले, "जे येतंय ते लिहा." एका पोरानं तरीही २७.६ लिहिलं. त्याला सरांनी सात वेळा दोरी ओढायला लावली. सातव्यांदा त्यानं १९.१ लिहिलं आणि हात चोळत बसला.

वर्षअखेरीस तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. गेली पाच वर्षं हेच यायचे. जाडजूड गृहस्थ, शर्टाच्या खिशात चार पेनं, बिस्किटं संपेपर्यंत प्रश्न विचारायचे आणि बिस्किटं संपली की गुण द्यायचे. पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी पुढे आली. हिचे हात इंजिन सुरू झाल्यापासून माझ्यापेक्षा काळे झाले होते. परीक्षकांनी वही उघडली, आपल्या जुन्या टिपणवहीत पाहिलं, आणि वही बंद केली.

"एकोणीस? इथलं उत्तर सत्तावीस पॉइंट सहा असतं. दरवर्षी असतं."

"सर, आमचं एकोणीसच आलं," मुलगी म्हणाली.

"म्हणजे प्रयोग चुकला. नापास."

"चुकला नाही, सर. तुम्ही घेऊन बघा वाचन."

परीक्षकांना असं उत्तर आयुष्यात मिळालं नसावं. त्यांनी पुढच्या वह्या उघडल्या. १९.५, १८.८, १९.२. "सगळी तुकडीच नापास करावी लागेल," ते म्हणाले. प्रमुख धावत आले. आमचे सर कोपऱ्यात उभे होते, पुढे येऊन एवढंच म्हणाले, "इंजिन चालू करतो. आपलं घड्याळ वापरा."

मी पाण्याचा कॉक उघडला. आधी कॉक, मग बाकीचं. एवढं मी आता झोपेतही करतो. इंजिन धडधडलं. परीक्षकांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ लावून डिझेल मोजलं, वजनं मोजली, कपाळाला आठ्या घालून गणित केलं. दोनदा केलं. आलं १९.४.

 सरांनी इंजिन बंद केलं, आणि मग परीक्षकांनी तो प्रश्न विचारला.

"मग आधीची सगळी वर्षं काय चाललं होतं?"

झालं. विचारलं एकदाचं कुणीतरी.  सर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आधी माझं सांगतो. गेल्या वर्षी मी साठ जर्नलांवर न वाचता सही केली. ती सगळी खोटी होती. चूक माझी."

आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, पाहणार नव्हते ते मला माहीत होतं. समोरच्या भिंतीवरल्या घड्याळाकडे बघत उभे होते, आणि ते थांबणं माझ्यासाठी होतं. माझा वेळ होता तो, उरलेला. मला त्या माणसाचा असा राग आला! स्वतः आधी खड्ड्यात उडी मारून वरच्याला जागा करून देतो, मग माणसानं काय करायचं?

"इंजिन अकरा वर्षं बंद होतं," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "मी बिघडवलं. नोंदवहीत चालू म्हणून सही मीच करत होतो. ही मावशी." आणि निळी वही परीक्षकांच्या पुढ्यात ठेवली, बिस्किटांच्या बशीशेजारी.

परीक्षकांनी ती चाळली आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मागच्या पाच वर्षांच्या प्रत्येक जर्नलावर त्यांची सही होती ना! प्रमुखांना आपलं सुवर्णपदक आठवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणाले, "हे इथल्या इथे मिटवू या." पोरं पास झाली, मुलीला सगळ्यात जास्त गुण मिळाले, परीक्षक बिस्किटं टाकून पळाले.

मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, सगळ्यांचेच हात बरबटलेत, आता कोण कुणाला धुणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी प्राचार्यांच्या टेबलावर दोन पानी अहवाल ठेवला. दोषींच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं. दुसरं माझं.

मला निलंबित केलं. चौकशी समिती बसली. मी घरी बसलो आणि त्या माणसाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या, आता उघडपणे. आणि तो माणूस काय करायचा? रोज संध्याकाळी सहाला, बरोबर सहाला, माझ्या दारात उभा! समाचाराला नव्हे. "ग्रीसचा डबा कुठे ठेवलाय?" दुसऱ्या दिवशी, "कपाटाचा खालचा कप्पा उघडत नाही." तिसऱ्या दिवशी, "नोंदवही तुम्ही उजवीकडून भरता की डावीकडून?" माझं काम ते करत होते. लादी पुसण्यापासून.

बायको भडकली. "यांनीच नोकरी घालवली, आणि यांनाच डबा सापडत नाही होय?" म्हणाली, चांगली त्यांना ऐकू जाईल अशी. सर दारातूनच म्हणाले, "वहिनी, गेलेली नाही. जागा माझ्याकडे आहे. मला ती नीट येत नाही, म्हणून विचारायला येतो." बायकोनं त्या दिवशी त्यांना आत बोलावून चहा दिला, साखर कमी घालून. राग पूर्ण गेला नव्हता तिचा.

समितीपुढे सर एकच वाक्य धरून बसले: "ज्यानं बिघडवलं त्यानंच दुरुस्त केलं, आणि विचारल्यावर लपवलं नाही. मला हाच माणूस हवा." तीन महिन्यांनी मला परत घेतलं. शिक्षा म्हणून एक पगारवाढ थांबली. सरांची बढती थांबली, तीही एकदोन नव्हे, सात वर्षं. प्रमुख यथावकाश प्राचार्य झाले. त्यांचं पदक काही कुणी मागे मागितलं नाही.

मधल्या काळात सरांनी डॉक्टरेट केली. आठ वर्षं लागली, कारण स्वतःचीच वाचनं ते पुन्हापुन्हा नाकारत. त्यांचे मार्गदर्शक त्यांच्यापेक्षा तरुण. एकदा वैतागून म्हणाले, "अहो, ती रेघ जरा सरळ करा, प्रबंध आजच संपतो." सर म्हणाले, "रेघ सरळ नाही, त्याला मी काय करू?" अठ्ठावन्नाव्या वर्षी ते प्राध्यापक झाले आणि साठाव्या वर्षी निवृत्त. दोन वर्षं प्राध्यापक! त्यांना विचारलं तर म्हणत, पुरली.

निवृत्तीच्या दिवशी चारला सभागृहात समारंभ होता. आधी कागदपत्रं. कॉलेज सोडताना एक फॉर्म फिरवावा लागतो, 'यांच्याकडे आमची काही वस्तू बाकी नाही' म्हणून प्रत्येक विभागाची सही. ग्रंथपालानं मान वर न करता सही केली होती. वसतिगृहवाल्यानं, सर कधी वसतिगृहात राहिले नव्हते तरी. सगळ्यात शेवटचा रकाना प्रयोगशाळेचा. साडेतीनला सर आले, नव्या कोटात, इस्त्री अशी की हात लावायची भीती वाटावी. फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "थांबा, मोजतो."

फळ्यापाशी गेलो. सतरा वर्षांत त्यावरच्या पांढऱ्या कडा मी तीनदा नव्यानं रंगवल्या होत्या. एकेक बघत गेलो. तिसऱ्या रांगेत एक आकार रिकामा.

"चौदाचा पाना नाही."

"असेल इथेच," सर म्हणाले.

"फळ्यावर नाही, सर."

टेबलाखाली पाहिलं, इंजिनामागे पाहिलं, चिंध्यांचा ढीग उपसला. शिपाई आला, "सगळे थांबलेत." परत गेला, परत आला. चार वाजून गेले. शेवटी प्राचार्य स्वतः उतरून आले, हातात पुष्पगुच्छ, आणि मला म्हणाले, "अरे, कर ना सही! एक पाना तो काय! पाहुणे ताटकळलेत."

"पाना आला की सही," मी म्हटलं.

"सर, तुम्ही तरी सांगा याला!"

सर भिंतीला टेकून उभे होते. डावा पाय दुखत असणार, पण बसले नाहीत. मीही फॉर्मकडे पाहिलं नाही. नेहमी घड्याळावर चालणारा माणूस त्या दिवशी घड्याळाकडे बघतच नव्हता.

चार वाजून बावीस मिनिटांनी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि पाना काढला. "सकाळी पहिल्या वर्षाच्या पोरांना पंप आवळून दिला होता," म्हणाले. मी पाना त्यांच्या हातून घेतला, पुसला, फळ्यावर टांगला. आकार भरला. मग बसून सही केली, पूर्ण नावाची, खाली तारीख आणि वेळ. सरांनी फॉर्म उचलून ती सही बराच वेळ पाहिली, घडी घालून खिशात ठेवली, आणि प्राचार्यांबरोबर लंगडत जिना चढून गेले.

सकाळी पंपाला चौदाचा पाना कसा लागला, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या पंपाचे बोल्ट सतराचे आहेत. आणि सकाळी सरांच्या अंगावर कोट नव्हता. सर अजून गावातच राहतात, बाजारात भेटतात, इंजिनाची चौकशी करतात. ते अजूनही १९ देतं. तो पाना खिशात कसा आला हे त्यांना विचारायचं कितीदा तोंडाशी येतं, पण मी विचारत नाही. विचारलं तर ते खरं सांगतील.